तुरुंग नसलेले सरकार

सातारा-सांगलीकडे क्रांतीचे समर्थन करायला छाती लागत नाही. वडूज, इस्लामपूर, कुंडल, कुठेही जा. हुतात्म्यांची नावे दगडात कोरलेली आहेत, नऊ ऑगस्टला हार पडतात, शाळेतली पोरे घोषणा देतात. ज्या मुलखाचे बंड फळाला आले, तिथे त्या बंडाचा न्याय-अन्याय पुन्हा तपासायला कोणी बसत नाही. तपासायला मात्र याहून चांगली जागा सापडणार नाही. १९४२ ते १९४६ या काळात इथे उठाव तर झालाच, पण त्यापुढे जाऊन इंग्रजांच्या राज्याला समांतर असे भूमिगतांचे ‘प्रतिसरकार’ चालले. कोर्ट बसले, दंड झाले, हुंड्याशिवाय लग्ने लागली, दरोडेखोरांचा बंदोबस्त झाला. क्रांती योग्य की अयोग्य हे तिच्या घोषणांपेक्षा तिच्या कारभारात जास्त स्वच्छ दिसते.

मूळ प्रश्नावर जुन्यांनी लाजत-बुजत लिहिलेले नाही. ‘मी तुमचा रक्षक’ असे सांगून जो राजा रक्षण करत नाही, त्याला प्रजेने एकत्र येऊन पिसाळलेल्या कुत्र्यासारखे मारावे, असे महाभारताच्या अनुशासनपर्वात चक्क भीष्माच्या तोंडी आहे. इंग्लंडात जॉन लॉकने १६८९ मध्ये हेच अधिक सभ्य शब्दांत मांडले: सत्ता ही विश्वासाने सोपवलेली गोष्ट आहे, विश्वास मोडला की ती लोकांकडे परत येते. जर्मन तत्त्वज्ञ कांटने याच्या उलट बाजू धरली. राजा चुकला हे ठरवणारा पंच कोण, असे त्याचे विचारणे. लोकच फिर्यादी आणि लोकच न्यायाधीश झाले, तर कायदा उरला कुठे? कांटचा निष्कर्ष आपल्याला मानवणारा नाही, कारण तो मानला तर इंग्रज अजून इथेच असते. पण त्याची शंका टाकून देण्यासारखी नाही. साताऱ्याच्या भूमिगतांना ती चार वर्षे रोज पडत होती, कांटचे नावही न ऐकता.

आधी सोपा भाग. बंड करण्यापूर्वी दुसरे सगळे दरवाजे ठोठावून पाहिले होते का? सातारकरांनी ते जितके ठोठावले तितके क्वचितच कोणी ठोठावले असतील. १८३९ मध्ये कंपनीने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला पोहोचले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहिले. अर्ज, भाषणे, छापील पत्रके, कंपनीच्या भागधारकांच्या सभा, पार्लमेंटच्या सभासदांच्या भेटी असे कायद्याच्या चौकटीत जे काही करता येते, ते सगळे त्यांनी केले. मधल्या काळात महाराज काशीतच वारले आणि १८४८ मध्ये डलहौसीने वारस नसल्याचे कारण दाखवून राज्यच खालसा केले. तेरा वर्षे अर्ज करून जो माणूस रिकाम्या हाताने परतला, त्याने १८५७ मध्ये कटाची तयारी केली तर त्याला उतावळा कोण म्हणेल? कट फुटला. साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारले: पाच जणांना फाशी, सहा जणांना गोळ्या, सहा जण तोफेच्या तोंडी. रंगो बापूजी सरकारच्या हाती लागले नाहीत.

या उदाहरणातून हातात येते ती एक अट: आधी अर्ज, मग शस्त्र. अट चांगली आहे, पण अपुरी. राज्य परत मिळाले असते तर ते कसे चालले असते, हे ती सांगत नाही. ते पाहायला १९४२ लाच यावे लागते.

८ ऑगस्टला मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले. साताऱ्यात पहिली हालचाल अगदी उघड आणि निःशस्त्र होती: तालुक्याच्या कचेरीवर मोर्चे. खेड्याखेड्यांतून लोक पायी यायचे, मागणी एवढीच की कचेरीवर तिरंगा लावा आणि मामलेदारांनी राजीनामा द्यावा. कराडला २४ ऑगस्ट, तासगावला ३ सप्टेंबर. तासगावला मामलेदारांनी गांधी टोपी घातली, झेंडा चढला, लोक घरी गेले. वडूजला ९ सप्टेंबरला तोच बेत, तीच मागणी, आणि तिथे गोळीबार झाला. वडगावचे परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला दोन: किर्लोस्करवाडीचे उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे.

तासगाव आणि वडूज यांच्यात लोकांनी वेगळे काय केले? काहीच नाही. फरक होता तो अंगणात उभ्या असलेल्या अंमलदाराच्या स्वभावात. मोर्चाची सगळी यंत्रणा शेवटी अशा एका माणसाच्या काही मिनिटांच्या निर्णयावर येऊन टेकते, ही तिची ताकदही आहे आणि उणेपणाही. समोरच्याला लाज वाटली तर मोर्चा जिंकतो. लाज वाटणारा माणूस दर वेळी कुठून आणायचा?

गोळीबारानंतर भूमिगत कामाचा पहिला टप्पा आला तो मोडतोडीचा. तारा कापणे, चावड्या आणि डाक बंगले जाळणे, रेल्वेच्या मार्गात अडथळे. पुस्तकांतून हा भाग रंगवून सांगितला जातो, पण कामाच्या हिशेबाने तो सर्वांत कमजोर होता. तार दुसऱ्या दिवशी जोडली जाते. गावावर सामुदायिक दंड बसतो, आणि तो तार कापणाऱ्याकडून नव्हे, घरी सापडेल त्याच्याकडून वसूल होतो. चावडीचे दप्तर जळाले तर सावकाराच्या पेटीत खतपत्र शाबूत असते. ज्याच्याकडे कागद नाही त्या कुळाचा सरकारी नोंदीचा आधार तेवढा जातो. सातारच्या कार्यकर्त्यांचे मोठेपण यात की हे त्यांना लवकर उमगले. १९४३ च्या मध्यापर्यंत मोडतोड मागे पडू लागली आणि राज्य चालवण्याचे काम पुढे आले.

नाना पाटील हे त्या सरकारचे तोंड होते. मूळचे तलाठी, १९३० मध्ये नोकरी सोडलेली. सत्यशोधकी जलशांच्या मुलखात वाढलेला हा माणूस हजारोंच्या सभेत शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचा. रचना मात्र एका माणसावर टांगलेली नव्हती. जिल्ह्याचे गट पाडलेले, प्रत्येक गटाला प्रमुख, त्याच्या हाताखाली सैनिक दल, गावात समिती आणि न्यायदान मंडळ. गटप्रमुखाला ‘डिक्टेटर’ म्हणत. १९३० च्या कायदेभंगात काँग्रेसने नेता पकडला गेला की पुढचा नेमायची सोय म्हणून हा शब्द वापरात आणला होता, तोच इथे चिकटला. कुंडलला जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सोबत्यांनी तुफान सेना उभी केली. हे सरकार किती गावांत होते? दीडशेपासून सहाशेपर्यंत आकडे सांगितले जातात. निरोप पोहोचणे, भाकरी मिळणे आणि तंटा मिटवायला तुमच्याकडे येणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. ज्याने जी पायरी मोजली त्याचा आकडा त्याप्रमाणे.

आता नेमकी अडचण. सरकार म्हटले की तंटे येतात, तंटे आले की शिक्षा येते. नेहमीच्या सरकारकडे शिक्षेची लांब शिडी असते: ताकीद, जामीन, दंड, तीन महिने, तीन वर्षे, वर अपील. भूमिगत सरकारकडे तुरुंग नसतो. ज्याला स्वतःलाच दर दोन रात्रींनी आसरा बदलावा लागतो, तो कैद्याला कुठे ठेवणार? त्यामुळे शिडीच्या मधल्या सगळ्या पायऱ्या गळून पडतात. खाली दंड, माफी आणि बहिष्कार. वर शरीराला इजा किंवा मरण. तळपायांवर काठ्या मारण्याची शिक्षा एवढी गाजली की सरकारचे नावच लोकांनी ‘पत्री’ करून टाकले. पायाला घोड्यासारखी पत्री ठोकतात ही अफवा खुद्द मारापेक्षा जास्त काम करून गेली. ही शिक्षा क्रूर माणसांनी शोधली असे नाही. तुरुंग नसलेल्या न्यायाला ती तिथपर्यंत ढकलत नेते. जगातल्या कुठल्याही भूमिगत चळवळीची न्यायव्यवस्था काढून बघा, ती अशीच मधून पोकळ असते.

मंडळांपुढे येणारे बहुतेक तंटे साधे होते: बांध, वाटणी, गहाण जमीन, टाकून दिलेली बायको, गावगुंडाने काढलेली छेड. तालुक्याच्या कोर्टात वकील, तारखा आणि मुद्रांक यांत जे दोन-चार वर्षे अडकले असते, ते गावात सर्वांसमोर एका बैठकीत मिटायचे. सावकाराने गिळलेली जमीन परत मिळालेली माणसे या सरकारला जन्मभर विसरली नाहीत. न्याय सर्वांसमोर होत असे तोवर गावच अपील कोर्ट होते. फार वेडावाकडा निकाल दिला तर दुसऱ्या दिवशी भाकरी बंद.

खबऱ्याचा खटला मात्र सर्वांसमोर चालवता येत नाही. साक्षीदार उघड केला तर तो पोलिसांच्या हाती लागतो. मग बंद खोलीत, ऐकीव माहितीवर, घाईने ठरवावे लागते, आणि शिक्षा शिडीच्या वरच्या टोकाची. इथेच भाऊबंदकी आत शिरते. ज्याच्याशी बांधावरून वीस वर्षे वैर आहे, तो पोलिसांना भेटला होता, हे एक वाक्य योग्य कानात पडले की पुरे. दरोडेखोरांचेही तसेच. गोंधळाचा फायदा घेऊन टोळ्या माजल्या होत्या, काही तर प्रतिसरकारचेच नाव घेऊन लुटत होत्या, आणि त्यांना आवरल्यामुळेच गावे या सरकारच्या मागे उभी राहिली. पण रामोशी, बेरड अशा जमातींवर सरकारी कायद्याने जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारलेल्या त्या काळात संशय आधी कोणत्या वस्तीकडे वळत असेल, हे सांगायला नको. तो शिक्का मारणारा कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडावे लागले.

पैशाचा पेच असाच. सैनिकाला शिधा हवा, पिस्तुलाला काडतुसे हवीत, निरोप्याला भाड्याचे पैसे हवेत. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली. १४ एप्रिल १९४४ ला थेट खानदेशात, चिमठाण्याजवळ, सरकारी खजिना: सुमारे साडेपाच लाख रुपये. सरकारचा पैसा घ्यायचा, माणसाचा नाही, हा नियम होता आणि तो बऱ्यापैकी पाळला गेला. पण हिशेब? हिशेबाला वही लागते, आणि वही हा पोलिसांना मिळालेला पुरावा असतो. वहीत नावे असली तर दहा घरे उद्ध्वस्त होतात, नसली तर पुढे कोणीही कोणावरही पैसे खाल्ल्याचा आरोप करू शकतो. दोन्हींतून वाट काढणारा शोध अजून तरी लागलेला नाही. साताऱ्यात जे निभावले ते माणसांच्या साधेपणावर. जो नेता घोंगडी अंथरून झोपतो आणि देईल ते खातो, त्याच्या हिशेबावर लोक विश्वास ठेवतात. ही भिंत पातळ आहे, आणि दुसऱ्या मुलखात, दुसऱ्या माणसांच्या हाती ती कोसळलेली पाहायला मिळते.

मग हे सरकार चार वर्षे टिकले कशावर? बंदुका थोड्या होत्या, गोव्याकडून मिळवलेल्या धरूनही थोड्याच. उसाचे फड, सह्याद्रीच्या घळी, कृष्णा-वारणेची खोरी यांनी लपवले हे खरे. त्याहून उपयोगी पडला तो नकाशाचा विचित्रपणा. त्या काळच्या सातारा जिल्ह्याच्या अंगात औंध, सांगली, मिरज, जत, फलटण ही संस्थाने ठिगळांसारखी बसलेली. इंग्रजी हद्दीतले वॉरंट संस्थानच्या वेशीत आपोआप चालत नसे. खुद्द कुंडल औंध संस्थानात होते.

औंधचा उल्लेख आला की या सगळ्या चर्चेला एक कलाटणी मिळते. तिथल्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, जानेवारी १९३९ मध्ये आपणहून राज्यघटना देऊन कारभार प्रजेकडे सोपवला. बहात्तर गावे, गावोगाव पंचायती, वर विधिमंडळ. आराखड्यावर गांधीजींचा हात, खटपट राजांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलिश इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांची. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची भिंती नसलेली वसाहत निघाली. जिथे राजानेच सत्ता खाली ठेवली, तिथे राजाविरुद्ध बंड करायची गरज उरली नाही, आणि शेजारचे बंड त्याच संस्थानच्या आसऱ्याने जगले. क्रांती आणि सुधारणा ही दोन वेगळी दुकाने असल्यासारखे जे मांडतात, त्यांनी कुंडलकडे एकदा बघावे.

टिकण्याचे खरे कारण मात्र चूल. जेवढी माणसे हत्यार घेऊन फिरत होती, त्यांच्या कितीतरी पट घरे रात्री-अपरात्री भाकरी थापत होती, निरोप पोहोचवत होती आणि चौकशीत तोंड मिटून मार खात होती. त्यात बाया जास्त, आणि स्मारकांवर त्यांची नावे सर्वांत कमी. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमांचा अभ्यास केला, त्यात निःशस्त्र मोहिमा ५३ टक्के यशस्वी ठरलेल्या आणि सशस्त्र २६ टक्के. त्यांच्या मते मुख्य कारण सहभागाची संख्या: बंदूक उचलणारा शंभरात एखादा, असहकार म्हातारीलाही करता येतो. साताऱ्याचा लढा या दोन रकान्यांपैकी कोणत्या रकान्यात घालायचा? पिस्तुले दिसतात म्हणून सशस्त्र म्हणावा, तर त्याचे बळ निःशस्त्र घरांत होते. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि सोबत्यांनी सांगलीचा तुरुंग फोडला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबू जाधव मारले गेले, दादांना गोळी लागून ते पुन्हा पकडले गेले. हिशेबाच्या भाषेत हा तोटा. तरी गावोगावच्या चुलींना त्या बातमीने जी ऊब दिली ती कोणत्या वहीत मांडणार?

अवघड काम पुढेच होते: थांबणे. १९४४ मध्ये सुटून आल्यावर गांधीजींनी भूमिगतांना उघड होऊन अटक करून घ्यायला सांगितले. साताऱ्यातल्या बहुतेकांनी ते ऐकले नाही. माझ्या मते ते चुकले नाहीत. त्या वेळी उघड होणे म्हणजे ज्यांनी आसरा दिला त्यांना उघडे पाडणे होते. पण १९४६ च्या निवडणुकीनंतर मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि प्रतिसरकारने आपला कारभार आवरला. एवढ्या ताकदीच्या संघटनेने ‘आम्हीच आता सरकार’ असा हट्ट धरला नाही. फ्रान्समध्ये १७९३-९४ च्या दहशतीच्या राज्यात आणि रशियात जानेवारी १९१८ मध्ये संविधान सभा पांगवली गेली तेव्हा जे घडले, ते इथे घडले नाही, याचे श्रेय द्यायचेच तर या आवरण्याला द्यावे लागेल. पुढे ही माणसे पांगली. कोणी काँग्रेसमध्ये, कोणी शेतकरी कामगार पक्षात. नाना पाटील कम्युनिस्टांकडे गेले आणि १९५७ मध्ये साताऱ्याचे खासदार झाले.

सगळे मात्र आवरले गेले नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाल्यावर याच मुलखात, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे, ब्राह्मणांची घरे जाळली गेली. हे प्रतिसरकारने केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते दोन वर्षांपूर्वीच संपले होते. पण कायदा बाजूला ठेवून समूहाने न्याय करायचा असतो, ही सवय एकदा गावाच्या हाताला लागली की ती संघटनेच्या ठरावाबरोबर निवृत्त होत नाही. स्मारकांवरच्या भाषणांत हा परिच्छेद गाळला जातो. तो गाळून क्रांतीचे समर्थन करणे सोपे पडते, खरे नाही.

घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ ला डॉ. आंबेडकरांनी जी कसोटी सांगितली, ती सातारकरांनी पाठ करावी अशी आहे. घटनात्मक मार्ग जेव्हा उघडे नव्हते तेव्हा त्याबाहेरच्या मार्गांना समर्थन होते. ते उघडल्यावर मात्र रक्तरंजित क्रांतीचा मार्ग सोडलाच पाहिजे, आणि त्याबरोबर कायदेभंग, असहकार, सत्याग्रहही. शेवटच्या भागाशी माझे जमत नाही. दरवाजा कायद्याने उघडा असला तरी उंबऱ्यावर गर्दी असेल तर थोडी धक्काबुक्की करावीच लागते. सत्याग्रहाला बंदुकीच्या पंक्तीला बसवणे जास्तीचे आहे. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी दुसरा इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि समाजात विषमता हा विरोध फार काळ चालू दिला तर ज्यांना विषमता सोसावी लागते तेच ही लोकशाही उधळतील. पहिला भाग सरकारी भाषणांत येतो, दुसरा आंदोलनांच्या पत्रकांत. दोन्ही एकत्र वाचणारे कमी.

तसे दोघे याच मुलखात निघाले. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी ‘मागेल त्याला काम’ ही गोष्ट कायद्यात आणण्यासाठी वर्षानुवर्षे खपून महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा उभा केला. नागनाथअण्णा नायकवडी तर तुफान सेनेचे, हातात शस्त्र घेतलेले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी वाळव्याला साखर कारखाना काढला आणि त्याला किसन अहिर या हुतात्मा सोबत्याचे नाव दिले. १९९३ पासून तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी आटपाडीत परिषदा भरू लागल्या, तेव्हा अण्णा सत्तरी ओलांडलेले होते. मागणी कृष्णेचे पाणी उचलून माणदेशाला देण्याची आणि ते समन्यायी वाटण्याची, भूमिहीनालासुद्धा. हत्यार म्हणाल तर ठराव, मोर्चे, ठिय्या, पाणलोटाचे आकडे आणि इंजिनिअरांशी घातलेले वाद. निधी अडला की पुन्हा परिषद, पुन्हा ठराव, पुन्हा ठिय्या, आणि मधल्या काळात चारा छावणीत उभी असलेली जनावरे. रंगो बापूजींची तेरा वर्षे इथे केव्हाच मागे पडली.